लिटरला दहा

आमची गाडी म्हणजे गाडी नव्हे, चाकं लावलेली खोली आहे. आठ माणसं ऐसपैस बसतात. डिझेलवर चालते, चढावर कण्हते, आणि पंपावर नेली की तिचं पोट भरता भरत नाही.

मुळात ती आमच्या मुलाची. त्याची मुलं लहान होती, सासू-सासरे नागपूरहून येऊन महिना महिना राहायचे, तेव्हा त्यानं ती घेतली. पुढे मुलं मोठी झाली, आपापल्या दिशेला जायला लागली, आणि बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या त्यांच्या सोसायटीत एवढं धूड लावायला जागा पुरेना. मग एके दिवशी त्यानं ती बसवनगुडीला आमच्या दारात आणून लावली. म्हणाला, "बाबा, तुम्ही वापरा." बाबांना डोळ्यांचा त्रास. त्यांनी चालवणं कधीच सोडलेलं. तेव्हा वापरायला लागले मी. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेली बाई मी, पण शिकले ती पक्की शिकले. रिव्हर्समध्ये गल्लीतून बाहेर काढताना समोरचा इस्त्रीवाला अजून उठून उभा राहतो. मी ते आदरानं आहे असं धरून चालते.

तर ही गाडी दर गुरुवारी आनेकलला जाते. आम्ही सहाजणी आणि गाडी. आनेकलला, शहराबाहेर होसूर रोडच्या बाजूला, अक्का राहते.

अक्का माझी बहीण नव्हे. लग्न होऊन मी बेंगळुरूला आले तेव्हा फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये ती आमच्या शेजारी होती. साताऱ्याची, पण माझ्या आधी येऊन मुरलेली. भाजीवाल्याला 'स्वल्प', म्हणजे थोडं, कधी म्हणायचं आणि 'बेडा', म्हणजे नको, कधी, हे तिनं मला शिकवलं. क्वार्टर्समधल्या सगळ्याच मराठी बायकांना शिकवलं. म्हणून ती आमची सगळ्यांची अक्का. यजमान गेल्यावर ती मुलाकडे आनेकलला गेली. मुलाचा तिथे यंत्रांचे सुटे भाग बनवायचा लहानसा कारखाना आहे, मुलगा-सून दोघंही दिवसभर तिकडेच. आणि अक्काचे गुडघे गेलेले. बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. खरं म्हणजे आमच्यातही कुणाला फारशा चढवत नाहीत, पण आम्ही ते बोलत नाही. तेव्हा गुरुवारी आम्हीच जातो. निमित्त भजनाचं. अर्धा तास भजन होतं, मग जेवण, आणि मग संध्याकाळपर्यंत पत्ते. भजनाला देव असतो की नाही मला सांगता येणार नाही, पण बदाम सातला अक्का असतेच, आणि जिंकतेच.

श्रावणातल्या एका रविवारी मुलगा जेवायला आला. पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली, आणि हात धुऊन आल्यावर हळूच म्हणाला, "आई, ऑफिसातला एक जण आपली गाडी मागतोय. कोडगूला त्याचा होमस्टे आहे. पाहुणे आणायला-सोडायला हवी त्याला."

"मग त्यानं घ्यावी की एखादी. आपली कशाला?"

"तुला मस्त छोटी इलेक्ट्रिक घेऊन देतो. धूर नाही, आवाज नाही, गिअर नाही."

"आणि बायका?"

"बसतील की चौघी."

"आम्ही सहाजणी आहोत."

"मग दोघींचं रोटेशन ठेवा."

"रोटेशन? बायका म्हणजे काय ऊस आणि हरभरा आहेत, आलटून पालटून लावायला?"

तो हसला, पण मागे हटला नाही. "आई, ती लिटरला आठ देते. आठ! तुझ्या मंडळातली सगळ्यात खादाड बाई तीच."

आमचे हे खिडकीत बसून कढीपत्त्याची पानं निवडत होते. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, मापं तपासायच्या विभागात. नोकरी संपली, सवय संपली नाही. खाली मान घालून म्हणाले, "पुरते आठ नाही. साडेसातच्या वर आणि आठाच्या खाली."

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी मापाच्या बाजूनं."

आता मला ठाऊक होतं, एकदा 'आज कोण जाणार आणि कोण राहणार' हा प्रश्न आला की गुरुवार संपला. जी राहिली तिला पुढच्या वेळी अवघड वाटणार, जी गेली तिला आत्ता अवघड वाटणार, आणि दोन महिन्यांत सगळ्याजणी घरी बसून एकमेकींना फोनवर 'येते येते' म्हणत राहणार. अक्का तिकडे पत्ते पिसत एकटी. म्हणून मी म्हणून गेले, "लिटरला दहा आणून दाखवते. मग राहू देशील?"

"दहा? दहा ती नवी असताना द्यायची, आई."

"मी नवी नसताना पाच पोळ्या जास्त लाटते. बोल."

मुलानं पैजेसाठी हात पुढे केला. मग म्हणाला, "सरी, चालेल. नवरात्रातल्या आयुधपूजेपर्यंत. दहा आले तर गाडी तुझी, कुणी मागितली तरी देणार नाही. नाही आले तर कोडगूला. आणि मोजणार बाबा."

बाबांची मोजायची रीत अशी. टाकी काठोकाठ भरायची, गुरुवारी आनेकलला जाऊन यायचं, आणि त्याच पंपावर, त्याच नळीशी, गाडीचं तोंड त्याच दिशेला करून पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं आत गेलं तेवढं आपण जाळलं. बुधवारी भरलेली चालेल का विचारलं, तर नाही म्हणाले.

बायकांना मी फोन करून सगळं सांगितलं. एकच गोष्ट ठरली, अक्काला यातलं काही कळता कामा नये. तिच्याकडे यायचं म्हणून गाडीचं एवढं रामायण चाललंय हे कळलं तर ती 'नका गं येऊ' म्हणायला कमी करणार नाही.

पहिलं काम डिकीचं. हे म्हणाले, "गाडी माणसं वाहते ते ठीक, बाकी काय काय वाहते ते बघू." उघडली आणि एकेक वस्तू बाहेर निघायला लागली. दोन सतरंज्या, मंडळाची पितळी समई, भाता फाटलेली जुनी पेटी, मागच्या गणपतीतल्या मखराच्या फळ्या, घडीच्या खुर्च्या, कुणाची तरी रद्दी. आणि सगळ्यात खाली दगडी रगडा. इडलीचं पीठ वाटायचा तो. अक्काचाच. तिचं सामान आनेकलला हलवलं तेव्हा शेवटच्या खेपेला आमच्या गाडीत ठेवला होता, तिकडे उतरवायला त्या दिवशी माणूस मिळाला नाही, आणि मग राहिला तो राहिलाच. म्हणजे इतकी वर्षं दर गुरुवारी तो रगडा आमच्याबरोबर आनेकलला जायचा, बाहेर उभा राहून भजन ऐकायचा आणि परत यायचा.

हे म्हणाले, "याला तरी पुण्य लागलं असेल."

पुढच्या गुरुवारी अक्काच्या मुलाला बोलावून तो उतरवला. अक्का रगड्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, हा कुठे होता?" आम्ही म्हटलं, "प्रवासात."

टपावरचं लोखंडी कॅरियर ह्यांनी पाने घेऊन स्वतः काढलं. मखर आणायला बसवलेलं होतं, नंतर कुणी काढलंच नाही. हे म्हणाले, गाडी रस्त्यानं चालत नव्हती, वाऱ्याशी भांडत चालली होती. खरंच, ते काढल्यावर होसूर रोडला जी शिटी वाजायची ती बंद झाली. आम्हाला वाटायचं ती गाडीचीच शिटी.

एवढ्यानं साडेआठ झाले. बायकांना उत्साह आला.

मग चाकं. ह्यांनी अंगठ्यानं टायर दाबून बघितला आणि म्हणाले, "ही चाकं आहेत की पुरणपोळ्या?"

याचं कारण माझ्याकडे होतं. आमच्यात एकजण आहे, तिला पाठीचं दुखणं आहे. तिला पाठवाली म्हटलेलं चालतं, ती स्वतःच म्हणते. रस्त्यावरचा हंप लागला की तिच्या कण्यात कळ जाते. तिनंच एकदा सांगितलं, हवा थोडी कमी ठेव म्हणजे गाडी मऊ चालेल. तेव्हापासून मी पंपावर हवा भरणाऱ्याला प्रत्येक वेळी न चुकता सांगायची, "स्वल्प कम्मी हाकी." तो बिचारा बघायचा, पण ऐकायचा. हे सगळं ऐकून ह्यांनी डोक्याला हात लावला. "मऊ चाक रस्त्याला चिकटून चालतं. त्याला ओढायला इंजिनाला जास्त खावं लागतं. पाठ एकीची, भूक गाडीची."

हवा पुरती भरली. पाठवालीसाठी मी घरून गोधडी घेतली, चौघडी करून तिच्या खाली घातली. पहिल्याच हंपावर ती ओरडली, "आई गं! चंदापूरपर्यंत माझं काही शिल्लक राहणार नाही!"

पेटी वाजवणारी तिच्या शेजारीच बसते, ती म्हणाली, "राहील. आवाज राहील."

"तुला काय, तुझ्या अंगावर देवानंच गोधडी घातलीय."

"मग ये, मांडीवर बस."

तिसरी अडचण देवांची निघाली. आमच्या भागात देवळांना तोटा नाही, आणि गाडीतल्या सहा बायकांचे देव सहा ठिकाणी. देऊळ आलं की मी गाडी हळू करायची, सगळ्यांनी नमस्कार करायचा, माझेही हात क्षणभर जोडून व्हायचे, की मग पुन्हा जोर लावून पुढे. ह्यांनी समजावलं, हळू करून पुन्हा पळवण्यातच डिझेल जातं. एका चालीनं जावं. लांबून लाल दिवा दिसला की आधीच पाय उचलावा, जवळ जाऊन करकचून थांबू नये.

मी फर्मान काढलं. ज्या देवाच्या दाराशी सिग्नल लाल असेल त्याला सावकाश नमस्कार. बाकीच्यांना चालत्या गाडीतून. आणि माझे हात स्टिअरिंगवर, माझा नमस्कार मनातून.

पेटीवाली म्हणाली, "म्हणजे आता कुठला देव मोठा ते वाहतूक पोलीस ठरवणार?"

"ठरवू दे. गणपती समजून घेईल."

"गणपती घेईल. माझ्या देवीचं काय? ती रागीट आहे."

"तिला सांग, आयुधपूजेपर्यंत."

एका कोपऱ्यावर मारुतीचं इवलंसं देऊळ आहे, आधी आम्ही त्याच्याकडे बघतही नव्हतो. पण तिथला सिग्नल भलताच लांब. त्या महिन्या-दीड महिन्यात आमच्यात मारुतीची भक्ती फार वाढली. एकीनं तर त्याला तेल बोललं.

असं करत करत नऊ झाले. नऊच्या थोडे वर. आणि तिथेच अडकले. पुढच्या गुरुवारीही तेवढेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेवढेच. आता काढायला काही उरलं नव्हतं. डिकी रिकामी, टप मोकळा, चाकं टणक, देव बिनतक्रार. पेटीवालीनं तर ज्वारीची भाकरी खायला सुरुवात केली, म्हणे माझंही वजन मोजत असतील.

हे अस्वस्थ झाले. जेवताना मधेच थांबायचे. एकदा म्हणाले, "हिशेब बसत नाही. इतकं करून गाडी नऊवर राहणार नाही. पुढच्या गुरुवारी मी येतो."

"बायकांत?"

"मागे बसेन. बोलणार नाही."

आले. सगळ्यात मागच्या सीटवर, मांडीवर फळांची पिशवी घेऊन, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे. सिल्क बोर्डच्या चौकापर्यंत बायका अवघडून बसल्या होत्या, त्यानंतर विसरल्या. आनेकलला पोचल्यावर ते ओसरीत वर्तमानपत्र घेऊन बसले. जेवले, झोपले, उठले. मग आमची निघायची वेळ झाली.

आता आमचं निघणं कसं असतं ते सांगायला हवं. घरात हळदीकुंकू होतं, प्रत्येकीच्या हातात केळं नाहीतर पेरू येतो. मग मी पुढे होऊन गाडी सुरू करते. ही माझी जुनी सवय. फार पूर्वी एकदा याच फाटकाशी गाडीनं सुरू व्हायला साफ नकार दिला होता, कारखान्यातली माणसं बोलावून ढकलावी लागली होती. तेव्हापासून आनेकलला आधी इंजिन चालू, मग निरोप. इंजिन चालू झालं की बायका गाडीत बसतात. आणि मग अक्का काठी टेकत फाटकाबाहेर येते, एकेक खिडकी धरते आणि बोलते. या खिडकीकडून त्या खिडकीकडे. गाडी गुरगुरत उभी, आम्ही आत, अक्का बाहेर.

हे मागच्या सीटवरून सगळं बघत होते. गाडी हमरस्त्याला लागल्यावर म्हणाले, "निघायला दर वेळी एवढा वेळ लागतो?"

सगळ्या एकदम म्हणाल्या, "आज तर लवकर निघालो! तुम्ही होतात म्हणून."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता मला म्हणाले, "गाडी वाटेत पीत नाही. फाटकाशी उभी राहून पिते."

"पंचानं असं सांगायचं असतं का?"

"मी सांगितलं नाही. मोठ्यानं विचार केला."

"आणि बंद केली आणि सुरू नाही झाली तर?"

"त्यानंतर मी दोनदा बॅटरी बदललीय. तुला सांगूनच बदललीय."

पुढच्या गुरुवारी मी धीर केला. बायका बसल्या, अक्का फाटकाबाहेर आली, आणि मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. अक्काचा चेहरा असा उजळला म्हणता! "बसताय होय अजून? या गं या, उतरा. मी कॉफी टाकते."

तिला काय माहीत? इतकी वर्षं इंजिन सुरू म्हणजे निघाल्या आणि बंद म्हणजे आल्या, हेच तिनं पाहिलेलं. तिच्या तोंडावर 'नाही' कुणाच्यानं म्हणवेना. आम्ही सहाही जणी उतरलो. कॉफी झाली, कॉफीबरोबर उप्पिट झालं, पत्त्यांचा एक डाव झाला. निघेपर्यंत कारखाने सुटलेले, होसूर रोडला गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. इंचाइंचानं घरी आलो. ह्यांनी पंपावर आकडा पाहिला आणि एवढंच म्हणाले, "रगड्याच्या दिवसांवर परत आलीस."

आयुधपूजेच्या आधी आता दोनच गुरुवार उरले होते.

पहिल्या गुरुवारी मी पुन्हा इंजिन चालू ठेवलं आणि अक्काला लवकर आटपायच्या खाणाखुणा करत राहिले. ती काय आटपते! पेटीवालीच्या खिडकीशी तिचं चाललेलं होतं. पेटीवालीचा जीव वरखाली होत होता, शेवटी तिच्या तोंडून निघूनच गेलं, "अक्का, खिडकी सोड गं, नाहीतर गाडी विकतील!"

मग लपवण्यात अर्थ नव्हता. मी इंजिन बंद केलं, उतरले आणि तिला सगळं सांगितलं. मुलगा, कोडगू, लिटरला दहा, सगळं. अक्कानं ऐकून घेतलं. काचेवरचा हात काढला, काठीवर ठेवला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता काय वाटतंय असं वाटतं तुला?"

मग तीच म्हणाली, "आत तुम्ही सगळ्या एकदम बोलता. हसता, भांडता, बरं वाटतं. पण कुणाचं काय चाललंय ते मला आत कळत नाही. खिडकीशी एकेकजण सापडते."

खरं होतं ते. पाठवालीची मुलगी माहेरी येऊन राहिली होती, ते तिनं पहिल्यांदा अक्काला सांगितलं, खिडकीशी. पेटीवालीला एका कानानं कमी ऐकू येतं हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; अक्कानं खिडकीशी ओळखलं, कारण तिथे अक्का स्वतः हळू बोलते. ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी सगळ्यांसमोर हसत होते. अक्कानं काचेवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरलीयस ना?" मग मला रडता आलं. आम्ही आनेकलला भजनाला जात नव्हतो, पत्त्यांनाही नाही. त्या खिडकीसाठी जात होतो. आणि डिझेलही नेमकं तिथेच जळत होतं.

"बरं," अक्का म्हणाली. "निघा आता." आणि मागे सरली.

शेवटच्या गुरुवारी तिनं आमच्या आधीच सगळी तयारी करून ठेवली होती. हळदीकुंकू घरातच, पेरू घरातच, 'पोचल्यावर फोन करा' हेही घरातच म्हणून झालं. मग तिनं पानाचा एक भला मोठा विडा केला आणि तोंडात कोंबला. दोन्ही गाल फुगले. फाटकाशी येऊन उभी राहिली. बोलायचं झालं तरी बोलता येऊ नये म्हणून! हातानं 'जा, जा' करत होती. मी गाडी सुरू केली आणि निघालो. आरशात ती दिसत होती, फुगलेले गाल आणि वर केलेली काठी.

आधी आम्ही खूप हसलो. मग चंदापूर आलं. हंप आले, पाठवाली ओरडली नाही. मारुतीचा सिग्नल लाल मिळाला, सगळ्यांनी हात जोडले, पण काय मागावं ते कुणाला सुचत नव्हतं असं मला वाटलं.

पंपावर हे आधीच येऊन उभे होते. मुलगा फोनवर. नळी लागली, डिझेल आत गेलं, नळी थांबली. पंपवाला आणखी थोडं भरायला गेला तर ह्यांनी हात वर केला. मग आकाशाकडे बघत ह्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. सहा बायका श्वास रोखून.

"दहा," हे म्हणाले. आणि जरा थांबून, "वर थोडं."

आम्ही जे ओरडलो, त्यानं पंपवाल्याच्या हातातली नळी निसटली. फोनमधून मुलगा म्हणत होता, "बाबा, खरं सांगताय ना?"

"मी आयुष्यभर मापं तपासली. तुला खोटं सांगेन?"

"नाही हो. ठीक आहे. होमस्टेवाल्याला नाही म्हणून कळवतो." मग जरा हसून, "पण आई, दहा टिकव हं. नाहीतर तो परत विचारेल."

आयुधपूजेला मुलगा-सून, नातवंडं सगळी आली. गाडी धुतली, नाकावर झेंडूचा हार, दोन बाजूंना केळीची रोपं बांधली, समोर कोहळा फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली आणि मुलानंच गाडी त्यांच्यावरून नेली. नैवेद्य होतो न होतो तोच हे म्हणाले, "ती केळीची रोपं काढा. वारा अडतो."

पुढच्या गुरुवारी आम्ही हार तसाच ठेवून आनेकलला गेलो. अक्काला जिंकल्याचं फोनवर कळवलेलंच होतं. तिनं गोड केलं होतं. पण निघायच्या वेळी बघते तर पानाचं तबक पुढ्यात.

"अक्का, आता कशाला विडा? जिंकलो ना आपण."

"एकदा जिंकून काय होतंय? गाडी दर गुरुवारी पिणार." तिनं पानाला चुना लावला. मग लावता लावता थांबली, आणि हात पुढे केला. "चावी दे बघू."

"चावी?"

"तुम्ही सगळ्या जाऊन गाडीत बसा. पट्टे बांधा. आणि चावी मला द्या. चावी माझ्याकडे असली तर गाडी पिईल कशी? माझं बोलून झालं की देईन."

आम्ही जाऊन बसलो. अक्कानं चावी पदराच्या टोकाला बांधली आणि पाठवालीच्या खिडकीशी आली. बोलायला लागली. आम्हाला तिचे ओठ हलताना दिसत होते. काचा बंद! आमच्या गाडीच्या काचा चावीशिवाय खाली होत नाहीत, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुन्हा गाठ सोडली, चावी आत आली, सगळ्या काचा खाली झाल्या, चावी पुन्हा पदराला. आता हे आमच्या अंगवळणी पडलंय. आधी काचा, मग चावी, मग अक्का.

त्या दिवशी तिनं कसलीही घाई केली नाही. एकेक खिडकी धरली. पाठवालीशी बोलताना गोधडी चाचपून बघितली. पेटीवालीच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. गाडी निपचित होती, कुठे तरी लांब कारखान्याचा भोंगा झाला. सगळ्यात शेवटी माझी खिडकी.

"तुझं काय?" ती म्हणाली.

"माझं काय, ठीक आहे."

"तुझ्या त्यांचे डोळे?"

"पंपाचा आकडा तरी लांबून वाचतात."

ती हसली. पदराची गाठ आवळून बसली होती, ती सोडवायला बराच वेळ गेला. मग चावी माझ्या हातात दिली. मी मनात मारुतीला नमस्कार केला आणि फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

परतीला होसूर रोडवर पाणी तुंबलेलं होतं, गाड्या बंद पडलेल्या, आम्ही रांगतच आलो. पंपावर हे उभे होते. डिझेल भरलं. ह्यांनी आकडा वाचला, वर बघितलं, भागाकार केला, पुन्हा एकदा केला. दहा नव्हते. मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

फोन वाजला. मुलगा. "काय बाबा, किती?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मागे बसलेल्या, काचा खाली करून वाट बघणाऱ्या बायकांकडे.

"दहाच्या आसपास," मापाच्या बाजूचा माणूस म्हणाला. "नळीत थोडं इकडेतिकडे होतंच."